हमीदचाचांचं राखीव खोकं

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवा फ्रिज घेतला, की सगळ्यांत आधी अभिनंदनाला येतात ते हमीदचाचा. फ्रिज किती लिटरचा, सेलमध्ये घेतला की कसा, यातलं ते काहीच विचारत नाहीत. फ्रिजकडे तर बघतही नाहीत. दारातून आत मान घालून म्हणतात, "अगो वैनी, मुबारक हां! खोका कुठाय?"

आम्ही शारजाहून अजमानला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची ही पहिली भेट झाली. मेंदीने लाल केलेली दाढी, चौकड्यांची लुंगी, अंगात पांढरा गंजीफ्रॉक आणि डोक्यावर उलटी घातलेली बेसबॉलची टोपी. मी मुकाट्याने आमच्या नव्या फ्रिजच्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ते उभं केलं, आडवं केलं, कलिंगड घेताना वाजवतात तसं वाजवून बघितलं आणि म्हणाले, "फाइव्ह प्लाय. चालेल." मग खिशातून कटर काढून, एकही कड न फाडता खोकं उलगडलं, डोक्यावर घेतलं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये निघून गेले. "समोर भंगारवाले राहतात वाटतं," मी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं. संध्याकाळी समोरून सुरमईच्या कालवणाचं भांडं आलं. ते कालवण खाल्ल्यावर समोर कोण राहतं याची चौकशी मी जरा आदराने करायला लागले.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, जयगडच्या खाडीकाठचे. उभी हयात जहाजावर भंडारी होते. भंडारी हे त्यांचं आडनाव नव्हे. जहाजावर जो स्वयंपाक करतो त्याला आमच्या कोकणातले खलाशी भंडारी म्हणतात. जहाजावरची नोकरी सुटल्यावर काही वर्षं त्यांनी दुबईत एका लेबर कॅम्पचं किचन सांभाळलं आणि आता मुलाकडे, इम्रानकडे राहतात. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. इम्रान दुबईत बँकेत आहे. तो सकाळी अंधारात ट्रॅफिकला सामोरा जातो आणि रात्री ट्रॅफिकमधून सुटून येतो. दिवसभर घरात चाचा, मासळी आणि खोकी.

आणि हिपहॉप. ते सांगायचं राहिलंच.

ओळख होऊन आठवडाही झाला नसेल. लिफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये चाचा मला अगदी सहज म्हणाले, "वैनी, बेल्जियममदे जा हिपहॉप झाला ना, त्याचा पाया मी घातला. इतिहास आहे हा!" लिफ्टचं दार उघडलं आणि ते निघून गेले. मी तशीच वर गेले आणि परत खाली आले.

माझ्या लेखी बेल्जियम म्हणजे आरसे आणि चॉकलेट. हिपहॉप म्हणजे पोरांनी डोक्यावर गरागरा फिरायचं, भिंतींवर रंगाचे डबे उडवायचे आणि पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं भराभर गायचं. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, आणि त्या संबंधात जयगडच्या माणसाचा पाया कुठून आला, हे मला कळेना. पण "इतिहास आहे हा!" हे चाचांचं ठरलेलं पालुपद आहे, आणि ते एकदा उच्चारलं की पुढचा इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नसते. मी तो इतक्यांदा ऐकलाय की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चाचांच्या जहाजाचं इंजिन अँटवर्पच्या बंदरात बसलं आणि दुरुस्तीला अख्खा हिवाळा गेला. एका रविवारी जहाजावरची कोथिंबीर संपली. सगळे खलाशी कोकणातले, कोथिंबिरीशिवाय कालवण म्हणजे बंडाचीच वेळ. कुणीतरी सांगितलं, ब्रसेल्सला मोरोक्कोवाल्यांच्या दुकानात रविवारीही मिळते. चाचा ट्रेनमध्ये बसून ब्रसेल्सला गेले, खोकंभर कोथिंबीर घेतली आणि परत निघाले. स्टेशनजवळ एक छपराखालची बाजारगल्ली होती. रविवार असल्यामुळे तिथली दुकानं बंद. तिथे दहा-बारा पोरं कॅसेट लावून नाचत होती. कुणी मोरोक्कोचं, कुणी काँगोचं, कुणी इटलीचं, म्हणजे ज्यांचे आईबाप कामासाठी तिथे आले होते अशांची पोरं. त्यांच्या पायाखाली पुठ्ठ्याचं एक खोकं होतं, तेही फाटून चिंध्या झालेलं.

"फरशी काय थंड होती वैनी! पाठ टेकली की हाडात जाईल अशी. त्यांनी माझ्या खोक्याकडे बगितला. मी त्यांच्याकडे बगितला. खलास!"

चाचांनी कोथिंबीर कोटाच्या खिशांत, बाह्यांत आणि गंजीफ्रॉकच्या आत कोंबली, आणि खोकं पोरांना देऊन टाकलं. त्या दिवशी ट्रेनमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. पण पुढच्या रविवारी चाचा परत गेले, आणि या वेळी मुद्दाम खोकी घेऊन. जहाजावर खोक्यांना काय तोटा? अंड्यांची, कोबीची, केळ्यांची. सुक्या बोंबलाचीसुद्धा. बोंबलाच्या खोक्यावर नाचून घरी गेलेल्या पोरांना आयांनी दारातच उभं केलं, असं चाचा सांगतात. हिवाळाभर दर रविवारी पोरं नाचली ती आमच्या चाचांच्या खोक्यांवर. म्हणून पाया त्यांनी घातला, हा दावा. शब्दशः बघितलं तर तो खोडता येत नाही.

दुसरा दावा याहून मोठा आहे. चाचा म्हणतात, मी त्यांना एक स्टेपसुद्धा दिली.

ती स्टेप आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी पाहिलेली आहे, कारण ईदला चाचा बिर्याणी करतात ती पार्किंगमध्ये, आणि तिची भलीमोठी देग लिफ्टपर्यंत स्वतः उचलून नेतात. कुणाला हात लावू देत नाहीत. जहाज हलत असताना उकळती देग घेऊन किचनमधून मेसपर्यंत जायचं, तर माणसाला एक खास चाल शिकावी लागते. उजवा पाय डाव्याच्या पुढून आडवा, गुडघे वाकलेले, कंबर खाली, मग टाचेवर अर्धी गिरकी आणि डावा पाय मागून आडवा. कमरेखाली सगळी धावपळ आणि कमरेच्या वर माणूस खुर्चीत बसल्यासारखा स्वस्थ. देगीतला रस्सा हलत नाही. अजमानच्या पार्किंगची जमीन काही हलत नाही, पण चाचांच्या पायांना ते कुणी कळवलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमधली पोरं दर ईदला त्याचे व्हिडिओ काढतात आणि हसून लोळतात. माझी मुलगी इरा त्यांत आघाडीवर.

इराचं वय सतरा, जन्म इथला, उत्तरं इंग्रजीत. पोरापोरींचा एक ग्रुप करून ती बेसमेंटमध्ये ब्रेकडान्स करते. चाचांनी स्वतःला त्या ग्रुपचा सल्लागार नेमून घेतलं आहे. खुर्ची टाकून बसतात आणि नाच चालू असताना इतिहास सांगतात. पहिल्यांदा बेल्जियमची पोरं इंग्लिशमध्ये गायची, कारण अमेरिकेकडून तसंच आलेलं. मग फ्रेंचमध्ये गायला लागली. मग अँटवर्प, गेंट, समुद्राकडची गावं, सगळ्यांना वाटलं आपण आपल्या बोलीत का गाऊ नये? "लोक हसले त्यांना, बोलीत गाणा म्हणजे काय. पण आपल्या बोलीत गायला लागली तवा खरा झाला. मी रत्नांग्रीची भाषा सोडून बोललो तर मी दिसेन काय चाचासारखा?" आता तर बेल्जियमची पोरं फ्रान्सची मोठमोठी स्टेजं गाजवतात. हे सगळं चाचा मासळी साफ करता करता फोनवर ऐकतात. शब्द एक कळत नाही, पण कोण चांगला आणि कोण नुसता गळ्यात साखळ्या घालतो, याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत.

"आई, ही इज मेकिंग इट अप," इरा म्हणायची. इम्रान तेच जरा हळू आवाजात म्हणायचा, "अब्बांना करमत नाही, भाभी. जहाजावरच्या गोष्टी वाढत जातात." चाचांच्या कानावर हे गेलेलं होतं. एकदा कालवणाचं भांडं परत न्यायला आले तेव्हा भांड्याकडे बघत म्हणाले, "तिकडचा एक माणूस भेटायला होवा, वैनी. जास्त काय नाय. फक्त त्याने म्हणायचा, हां, हमीद होता. बस." मला वाईट वाटलं. मी भांड्यात चार पुरणपोळ्या घातल्या, याशिवाय मला काय करता येणार होतं?

मागच्या वर्षी बिल्डिंगच्या मॅनेजमेंटने नोटीस लावली, की पार्किंगमधली सगळी खोकी आगीच्या नियमाप्रमाणे हटवावीत. 'सगळी खोकी' म्हणजे चाचांचीच, दुसऱ्या कुणाची होती? इम्रान म्हणाला, "अब्बा, यल्ला, चला, आता खलास करा हे." चाचांनी आश्चर्यकारक शांतपणे सगळा साठा रद्दीवाल्याच्या पिकअपमध्ये भरू दिला. फक्त एक सोडून. डबल डोअर फ्रिजचं, अंगावर ओरखडा नसलेलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं भलंमोठं खोकं त्यांनी वर नेलं आणि आपल्या पलंगामागे उभं केलं. त्यावर ते इराच्या ग्रुपलाही नाचू देत नसत. "ता राखीव हाय," एवढंच म्हणायचे. कुणासाठी राखीव, ते सांगत नसत. मला वाटलं, म्हातारपणी माणसाचा कशात तरी जीव अडकतो, यांचा पुठ्ठ्यात अडकलाय.

आणि एका संध्याकाळी इरा धावत घरी आली. दुबईत ब्रेकडान्सची मोठी स्पर्धा होती, आणि परीक्षक येणार होती थेट ब्रसेल्सहून. नाइमा नावाची, त्या शहरातल्या पहिल्यावहिल्या नाचणाऱ्या मुलींपैकी एक. आता पन्नाशीची, स्वतःची शाळा चालवते. प्रवेश फी माणशी ऐंशी दिरहम. मिलिंदने सवयीने मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये!" आणि सवयीनेच दिले.

"पण चाचांना सांगू नकोस," इरा म्हणाली. "प्लीज, आई. ही विल एम्बॅरस मी. तो तिला जाऊन सांगेल की आय इन्व्हेंटेड बेल्जियम."

मी सांगितलं नाही. पण दार उघडं होतं, आणि समोरच्या दारात चाचा उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत उलटी घातली. "ब्रसेल्सची?" त्यांनी विचारलं. मग इतकंच म्हणाले, "मी मागे बसेन. एक शब्द बोलणार नाय."

स्पर्धेच्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आमच्या गाडीपाशी हजर होते. सोबत ते राखीव खोकं. घडी घातलेलं, पण घडी घालूनही गाडीएवढंच. इरा रस्ताभर त्याच्याखाली बसून आली. तिचा फक्त आवाज येत होता, आणि तो काही गोड नव्हता.

स्पर्धा रास अल खोरला एका रिकाम्या वेअरहाऊसमध्ये होती. आम्ही पोचलो तेव्हा आत रडारड चालली होती. नाचण्यासाठी जी खास गुळगुळीत जमीन मागवली होती, तिचा कंटेनर खोर फक्कानच्या बंदरात येऊन पडला होता आणि संयोजक एक कागद द्यायला विसरल्यामुळे सुटत नव्हता. मी शिपिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनलाच आहे. दोन फोन केले. "आज नाही होणार," मी संयोजक मुलीला सांगितलं, "उद्या इन्शाल्ला." तिने खाली बघितलं. खाली खरबरीत सिमेंट होतं, पाठ टेकली तर सालटं निघेल असं. आणि दोन तासांवर स्पर्धा.

मागच्या खुर्चीवरून चाचा उठले. एक शब्द बोलणार नाही म्हणाले होते, ते त्यांनी बराच वेळ पाळलं होतं.

"खोका आहे ना," ते म्हणाले.

पुढचे दोन तास चाचा त्या वेअरहाऊसचे कॅप्टन होते. भाजी-फळांचा होलसेल बाजार तिथून जवळच. चाचांनी मिलिंदला गाडी काढायला लावली, बाजारात केरळच्या केळीवाल्यांना आणि पठाण कांदेवाल्यांना हबीबी-हबीबी करत गाठलं, आणि दोन पिकअप भरून रिकामी खोकी आणली. मग लुंगी असती तर खोचली असती, पँट होती म्हणून बाह्या दुमडल्या. "रेघा एका दिशेला! पुठ्ठ्यातल्या रेघा सगळ्या एका दिशेला लावा, नायतर पाय अडकतो! टेप खालून! वरून टेप लावणारा गाढव!" फिलिपिनो, सुदानी, पाकिस्तानी, आमच्या मराठी मंडळातली, सगळी पोरं हातात टेप घेऊन पळत होती. इराला मी आयुष्यात पहिल्यांदा, सांगितलेलं काम एका दमात करताना बघितलं. सिमेंटवर खोक्यांचं अख्खं अंगण तयार झालं. हॉलभर पिकल्या केळ्यांचा वास सुटला.

नाइमा आली ती या वासात. करड्या कुरळ्या केसांचा बुचडा, गुडघ्यांना पट्टे, अंगात जुनं निळं जॅकेट. ती दारातच थांबली, खाली बघितलं आणि मोठ्याने हसली. "हे तर आमचं घर," ती इंग्रजीत म्हणाली. "आम्ही असेच सुरू झालो. ना हॉल, ना शिकवणारा. कुणाच्या तरी घरी पाहिलेली व्हिडिओ टेप आणि खाली पुठ्ठा."

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी तिने पोरांना गोलात बसवून काही स्टेप्स दाखवल्या. ही न्यूयॉर्कची, ही पॅरिसची. "आणि ही फक्त ब्रसेल्सची," ती म्हणाली. "माझ्या मोठ्या भावाने शिकवली. दुसरीकडे कुठे दिसणार नाही."

तिने हात समोर धरले, जड काहीतरी उचलल्यासारखे. उजवा पाय डाव्याच्या पुढून आडवा, कंबर खाली, टाचेवर अर्धी गिरकी, डावा पाय मागून आडवा. कमरेखाली सगळी धावपळ आणि वर अगदी स्वस्थ.

 इरा किंचाळली, "चाचा!" आणि तिच्यामागे आमच्या बिल्डिंगची सगळी पोरं, "चाचा! चाचा!"

चाचा तेव्हा कोपऱ्यात पाठमोरे बसून टेप लावत होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. ते घाबरून वळले. "काय झाला? फाटला काय?"

"ही स्टेप," इरा नाइमाला इंग्रजीत विचारत होती, तिचा श्वास पुरत नव्हता, "हिचं नाव काय?"

"द कुक," नाइमा म्हणाली. "स्वयंपाकी. भाऊ सांगायचा, जहाजावरचा एक स्वयंपाकी हातात खोकी घेऊन असा चालत यायचा. मी लहान होते. पायऱ्यांवर बसून सगळ्यांचे कोट सांभाळायचे. मला चेहरा आठवत नाही, पण त्या खोक्यांना एक वास यायचा, भयंकर, मासळीचा..."

"बोंबील!" आमचा अख्खा बेसमेंट ग्रुप एका आवाजात ओरडला.

मग जो गोंधळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही. इराने चाचांना हाताला धरून ओढत मध्ये आणलं. नाइमाने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि इंग्रजीत म्हणाली, "करून दाखवा." चाचा म्हणाले, "नुसत्या हाताने नाय जमत. हातात काय तरी होवा." कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचं भरलेलं खोकं आणून दिलं. चाचांनी ते उचललं, आणि त्या पुठ्ठ्याच्या अंगणात, केळ्यांच्या वासात, सत्तरीला टेकलेला आमचा शेजारी हलत्या जहाजावर चालावं तसा चालला. शेजारून नाइमा, पावलाला पाऊल जुळवून. डीजेने गाणं लावलं, पोरांनी टाळ्यांचा ताल धरला, मिलिंद खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता, आणि मी तर रडतच होते. एका बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नसेल. मी इम्रानला व्हिडिओ कॉल लावला. तो बँकेत मीटिंगमध्ये होता. त्याने फोन कानाला लावला, मग डोळ्यांसमोर धरला, आणि मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "ते माझे अब्बा आहेत!"

'हां, हमीद होता.' तिकडच्या माणसाने म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं. मला वाटलं, आता हा माणूस पुढची दहा वर्षं आम्हाला लिफ्टमध्ये जगू देणार नाही.

 पण चाचांनी पाण्याचं खोकं खाली ठेवलं आणि इराला जवळ बोलावलं. "पोरी, तिला विचार. त्या शेवटच्या रविवारी पोरां किती वेळ थांबली?"

इराला कळेना. मलाही. चाचा खाली बघत सांगायला लागले. जहाजावर नवा फ्रीझर आला होता, त्याचं मोठं खोकं ते पोरांसाठी आणणार होते. तसं कबूल केलं होतं, हातांनी माप करून दाखवलं होतं, एवढा मोठा. शनिवारी इंजिन चालू झालं आणि पहाटे जहाज सुटलं. "खलाशी माणूस. कुठल्याच बंदरात कुणाला सांगून निघालो नाय. पण त्या पोरांना मी येतो म्हटला होता गो. आणि बाहेर बर्फ पडत होता."

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, या माणसाला श्रेय हवंय.

इराने विचारलं. इंग्रजीतच. 

"थांबले होते," नाइमा म्हणाली. "दिवे लागेपर्यंत. मला थंडी वाजत होती म्हणून भावाने स्वतःचा कोटही मलाच दिला. पुढच्या रविवारीही थांबले. मग एकजण म्हणाला, आता तो येत नाही, खोटं बोलला. तेव्हा माझा भाऊ त्याच्यावर चिडला. म्हणाला, जहाज गेलं असणार. जहाज असतं तर तो आलाच असता."

इराने ते चाचांना मराठीत सांगितलं. अख्खं, एकही इंग्रजी शब्द न घालता. माझ्या मुलीला इतकं मराठी येतं हे मला त्या दिवशी कळलं.

चाचांनी डोक्यावरची उलटी टोपी सुलटी केली आणि डोळ्यांवर ओढून घेतली.  मग गाडीपाशी गेले, आणि ते राखीव खोकं घेऊन आले. कटरने प्लॅस्टिक कापलं. बाकी सगळ्या पुठ्ठ्यांच्या मधोमध ते उलगडून पसरलं, हाताने कोपरे दाबले, आणि आपल्या जहाजी इंग्रजीत नाइमाला म्हणाले, "सॉरी, मॅडम. लेट झाला."

नाइमाने फोन काढून त्या खोक्याचा फोटो घेतला आणि तिथूनच भावाला पाठवला. तो आता आजोबा झालाय, पण अजून पोरांना शिकवतो, असं तिने सांगितलं. मग तिने अंगातलं निळं जॅकेट काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि सांभाळायला चाचांच्या हातात दिलं.

इराचा ग्रुप त्या दिवशी दुसऱ्याच फेरीत बाद झाला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या मोठ्या कोऱ्या खोक्यावर ती पन्नाशीची बाई पाठ टेकून गरागरा फिरत होती, आणि कडेला पायरीवर हमीदचाचा मांडीवर तिचं जॅकेट घेऊन बसले होते. दोन्ही हातांनी धरून. नाच संपल्यावर त्यांनी ते झटकलं, नीट घडी घातली आणि तिला परत दिलं.